स्फटिकाची स्थित्यंतरे : ‘फायनल फँटसी’ मालिकेतील एका प्रतीकाचा इतिहास

१

एखादे प्रतीक एकाच कलाकृतीत वारंवार येते, तेव्हा त्याचा अर्थ त्या कृतीच्या अंतर्गत संबंधांतून उलगडता येतो. तेच प्रतीक साडेतीन दशके, निरनिराळ्या कर्त्यांच्या हातून, परस्परांशी कथानकाचे नाते नसलेल्या कृतींत येत राहिले, तर प्रश्नाचे स्वरूप बदलते. असे प्रतीक हळूहळू संकेत बनते आणि संकेत म्हटला की तो झिजण्याची शक्यता आलीच. परंतु संकेतालाही इतिहास असतो. प्रत्येक नवी कृती त्याचा स्वीकार करते तेव्हा तिला त्याविषयी काही भूमिका घ्यावीच लागते. जपानमधील ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील स्फटिक हे या प्रक्रियेचे एक ठळक उदाहरण होय.

डिसेंबर १९८७ मध्ये ‘स्क्वेअर’ या कंपनीने हिरोनोबु साकागुची यांच्या दिग्दर्शनाखाली पहिला ‘फायनल फँटसी’ निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ यंत्रासाठी प्रसिद्ध केला. २०२३ पर्यंत मुख्य मालिकेचे सोळा भाग झाले. मालिका म्हटली की सलग कथानकाची अपेक्षा होते. येथे मात्र प्रत्येक क्रमांकित भागाची सृष्टी स्वतंत्र आहे. भूगोल वेगळा, पात्रे वेगळी, सृष्टीची उत्पत्तिकथाही वेगळी. या भागांना जोडणाऱ्या गोष्टी मोजक्याच : ‘चोकोबो’ हा वाहनपक्षी, ‘सिड’ हे नाव, नोबुओ उएमात्सु यांनी रचलेली चढत्या-उतरत्या स्वरांची प्रास्ताविक धून आणि स्फटिक. पहिल्या तिन्ही गोष्टी ओळखीच्या खुणा आहेत. स्फटिक मात्र नुसती खूण राहत नाही. त्या त्या सृष्टीत शक्ती कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तोच देतो आणि म्हणून त्याच्या रूपांतरांचा इतिहास हा शक्तीविषयीच्या कल्पनांचाही इतिहास ठरतो.

२

पहिल्या भागातील स्फटिक चार आहेत : पृथ्वी, अग्नी, जल आणि वायू. ही पंचमहाभूते नव्हेत. आकाशाला येथे स्थान नाही आणि मांडणी ग्रीक तत्त्वचिंतनातून युरोपीय अद्भुतकथेत आलेल्या चार मूलतत्त्वांची आहे. मूळ जपानी संहितेतही स्फटिकासाठी ‘क्रिस्टल’ हा इंग्रजीतून घेतलेला शब्दच योजलेला आहे. म्हणजे जपानी खेळाडूच्या दृष्टीनेही ही वस्तू आरंभापासून परकी, दूरदेशीची होती. चार राक्षसांनी स्फटिकांचे तेज शोषून घेतले आहे, जमीन नासते आहे, समुद्र खवळले आहेत, वारा थांबला आहे. चार वीरांनी राक्षसांना मारून ते तेज परत आणायचे आहे. स्फटिक येथे सृष्टीच्या सुव्यवस्थेचा जामीनदार आहे. तो कोणाच्या मालकीचा आहे, त्याचा उपयोग काय, हे प्रश्न संहितेला पडतच नाहीत. स्फटिक तेजाळला की जग सुरळीत, निस्तेज झाला की जग व्याधिग्रस्त, इतके हे समीकरण सरळ आहे.

दुसऱ्या भागात (१९८८) स्फटिकाला गौण स्थान आहे. तिसऱ्या भागात (१९९०) तो परत येतो, तेव्हा दोन महत्त्वाच्या गोष्टी घडतात. एक म्हणजे स्फटिक दाता होतो. योद्धा, जादूगार, वैद्य इत्यादी भूमिका धारण करण्याची क्षमता तो खेळाडूच्या चमूला बहाल करतो. कथेतील प्रतीक आणि खेळाची यंत्रणा यांची सांगड येथे प्रथम पक्की बसते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाशाचे स्फटिक तसे अंधाराचेही स्फटिक येथे आहेत आणि पूर्वी एकदा प्रकाशाचा अतिरेक झाला तेव्हा अंधाराच्या योद्ध्यांनीच जग सावरले होते, असे संहिता सांगते. व्यवस्था आता तेजात नसून समतोलात आहे.

चौथ्या भागात (१९९१) मोठे वळण येते. आरंभीच्या प्रसंगात नायक सेसिल हा बॅरन राज्याच्या हवाई दलाचा सेनापती आहे. राजाज्ञेवरून मिसिडिया या गावातील निःशस्त्र जादूगारांना ठार करून तो जलस्फटिक लुटून आणतो. पहिल्या भागातील वीर स्फटिकाचे रक्षक होते; येथे नायकाचे पहिले कृत्य स्फटिकाची लूट हे आहे. स्फटिक राज्याराज्यांच्या ताब्यातील मालमत्ता झाला आहे आणि त्यामुळे युद्धाचे कारणही. भारतीय वाचकाला येथे स्यमंतक मण्याची कथा आठवेल. त्या कथेतही मण्याच्या दिव्यत्वाविषयी कोणी शंका घेत नाही. तो कोणाजवळ असावा, यावरूनच चोरीचा आळ, संशय आणि हत्या यांची साखळी निर्माण होते. चौथ्या भागाची नैतिक दृष्टी या टप्प्यावर थांबते. मालकी दूषित आहे, शक्ती मात्र निर्दोष.

३

हे निर्दोषत्व पाचव्या भागात (१९९२) प्रथम डागाळते. तेथे चार स्फटिक एकामागून एक फुटतात. त्यामागे दुष्ट शक्तीची योजना आहेच. पण स्फटिकांची शक्ती वाढवून जहाजे व यंत्रे चालविण्यासाठी सिड या शास्त्रज्ञाने तयार केलेली उपकरणेही त्याला कारणीभूत आहेत. लोकांचे जीवन सुखकर व्हावे या सद्‌हेतूने केलेल्या शोधाचा हा परिणाम असल्याने सिडच्या वाट्याला पश्चात्ताप येतो. स्फटिक प्रथमच संपू शकणारा साठा म्हणून दिसू लागतो. तेलासाठी जवळजवळ सर्वस्वी आयातीवर अवलंबून असलेल्या देशातील संहितेत हा आशय यावा, यात नवल नाही. तथापि, खेळाडूला नव्या भूमिका मिळतात त्या फुटलेल्या स्फटिकांच्या तुकड्यांतूनच. जगाची हानी हीच चमूची मिळकत ठरते. ही विसंगती संहिता फारशी ताणत नाही आणि शेवटी स्फटिक पुन्हा अवतरतात.

सहाव्या भागात (१९९४) चार मूलतत्त्वांचे स्फटिक नाहीत. त्यांच्या जागी ‘मॅजिसाइट’ आहे. मंत्रशक्ती असलेले अद्भुत जीव मरण पावले की त्यांचा देह स्फटिकरूप होतो आणि तो जवळ बाळगणाऱ्या माणसाला मंत्र शिकता येतात. साम्राज्याच्या प्रयोगशाळेत हे जीव कोंडून त्यांच्यातील शक्ती काढून घेतली जाते. या जिवांत ‘शिव’ या नावाची एक हिमदेवता आहे. मालिकेत तिसऱ्या भागापासून हे नाव एका स्त्रीरूप शक्तीला दिलेले असून भारतीय शिवाशी नावापलीकडे तिचे फारसे नाते नाही. पिळून निरुपयोगी झाल्यावर टाकून दिलेली ही शिव आणि तिचा सोबती इफ्रित यांची नायकांशी गाठ पडते व ते दोघे आपण होऊन स्फटिकरूप होतात. साम्राज्य जे बळाने घेते, तेच नायकांना स्वेच्छेने मिळते; पण दोन्हीकडे हाती येते ती मृताचीच शक्ती. स्फटिक आता अवशेष आहे, अस्थी आहे. अखेरीस मंत्रशक्ती जगातून नाहीशी होते आणि हे सर्व स्फटिकही लोपतात. मालिकेच्या इतिहासात हा शेवट फार अर्थपूर्ण आहे, कारण येथे व्यवस्थेची पुनःस्थापना म्हणजे स्फटिकाचा अस्त असा अर्थ होतो.

सातव्या भागातील (१९९७) ‘मटेरिया’ हे या विचाराचे पुढचे पाऊल. ग्रहाच्या अंतर्भागात जीवनप्रवाह वाहतो. मेलेले सारे जीव त्यात मिसळतात, नवे त्यातूनच जन्मतात. ‘शिन्रा’ ही कंपनी अणुभट्टीची आठवण करून देणाऱ्या संयंत्रांद्वारे तो उपसून त्यापासून वीज निर्माण करते. हा प्रवाह घट्ट होऊन त्याचा स्फटिक बनतो तो मटेरिया आणि प्राचीनांचे ज्ञान त्यात साठलेले असते, असे मानले आहे. मटेरिया निसर्गतः घडतो, तसा कारखान्यातही. तो विकत मिळतो, शस्त्रात बसवता येतो, वापराने वाढतो. पूजास्थानी असलेल्या चार स्फटिकांपासून दुकानातील या गोळ्यांपर्यंतचे अंतर अवघ्या दहा वर्षांत कापले गेले आहे.

येथे या माध्यमाचा मूलभूत पेच समोर येतो. कथानक उपशाचा निषेध करते, तर खेळ मटेरियाचा संचय केल्याशिवाय पुढे सरकत नाही. कादंबरीच्या वाचकाला नायकाच्या कृत्यापासून अंतर राखता येते. खेळाडूला ते कृत्य स्वतः करावे लागते. या पेचाला संहितेने दिलेले उत्तर एका अपवादात आहे. एरिथ या स्त्रीपात्राजवळ असलेला, आईकडून आलेला पांढरा मटेरिया काही कामाचा नाही, असे ती स्वतःच सांगते. खेळाडूला तो कधीही शस्त्रात बसवता येत नाही. आणि ग्रहाच्या रक्षणाची शक्ती नेमकी त्यातच आहे. जो स्फटिक वापरता येत नाही, तोच तारतो.

४

यानंतरच्या दशकात दोन प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पहिली मूळ अर्थाकडे परतण्याची. नवव्या भागात (२०००) स्फटिक सर्व जिवांच्या आत्म्यांचे व स्मृतींचे उगमस्थान होतो. पण पहिल्या भागातील भाबडेपणा आता परत मिळवता येणार नाही, याचे भान संहितेला आहे. म्हणून हा स्फटिक कथेच्या अगदी शेवटी, स्मृतींच्या प्रदेशापलीकडे दिसतो. दुसरी प्रवृत्ती राजकीय आहे. बाराव्या भागात (२००६) राजकन्या ॲश हिच्यासमोर एका संपूर्ण नगराचा विध्वंस करू शकणारा स्फटिकाचा तुकडा आणि सूडाची संधी एकाच वेळी येतात. शक्ती देऊ करणारे दैवी जीव इतिहास आपल्या मुठीत ठेवू पाहत आहेत, हे ओळखून ती नकार देते. तेराव्या भागात (२००९) तर मनुष्यच स्फटिक होतो. देवसदृश सत्तेने नेमून दिलेले कार्य पार पाडणाऱ्याला मिळणारे ‘बक्षीस’ म्हणजे ही स्फटिकावस्था आणि कार्य न जमल्यास राक्षसयोनी. वरदान आणि शिक्षा यांच्यातील भेद येथे जवळजवळ पुसला जातो.

सोळाव्या भागात (२०२३) हा प्रवास टोकाला पोहोचतो. पाच प्रचंड मातृस्फटिकांभोवती राज्ये वसली आहेत. त्यांचे तुकडे चूल पेटवण्यापासून पाणी काढण्यापर्यंत घराघरांत वापरले जातात. मातृस्फटिक जमिनीतील प्राणतत्त्व शोषून घेतात आणि प्रदेशामागून प्रदेश ओसाड होत जातो. स्फटिकाविना मंत्र करू शकणारी माणसे सन्मानित होत नाहीत. गालावर डाग देऊन त्यांना गुलाम केले जाते व अतिवापराने त्यांची शरीरे दगड होतात. पाचव्या भागातील निसर्गाचा ऱ्हास आणि सहाव्या भागातील देहाचे शोषण येथे एकत्र येतात. पुढे जाऊन संहिता सांगते की, मातृस्फटिक ही देवाची कृपा नसून एका परक्या सत्तेने स्वार्थासाठी उभारलेली यंत्रणा आहे. म्हणून नायक क्लाइव्हचे जीवितकार्य स्फटिक फोडणे हे ठरते. १९८७ च्या वीरांचे कार्य त्यांना उजळणे हे होते.

५

या इतिहासाकडे केवळ श्रद्धेकडून अश्रद्धेकडे झालेली वाटचाल म्हणून पाहणे सोपे आहे, पण अपुरे आहे. नवव्या भागासारखे परतीचे प्रयत्न ती सरळ रेषा मोडतात. शिवाय स्फटिक फोडणाऱ्या सोळाव्या भागालाही स्फटिक सोडून देता आलेला नाही. नकार देण्यासाठीही त्याला त्याचीच गरज भासते. खरा बदल प्रश्नात झालेला आहे. आरंभी प्रश्न होता तेज कोणी हरण केले हा. नंतर ते कोणाच्या ताब्यात असावे हा. आणि अखेर ते तेज कोणाच्या देहातून, कोणत्या मातीतून आले हा. प्रत्येक नव्या प्रश्नाने जुन्या उत्तराला बाधा आणली, तरी आधीचा प्रश्न नाहीसा केला नाही.

संकेत झिजतो तो पुनरावृत्तीमुळे, असे सामान्यतः मानले जाते. या मालिकेतील स्फटिक त्याउलट सुचवितो. पुनरावृत्ती होत राहिली म्हणूनच त्याच्या तेजाची किंमत मोजण्याची वेळ आली. एकदाच येऊन गेलेले प्रतीक सुंदर राहू शकते. वारंवार येणाऱ्या प्रतीकाला आपला हिशेब द्यावा लागतो.