काळी माती, रबर आणि घरीं घडविलेली मोटार

मराठवाड्याच्या उत्तर अंगास वसलेल्या हिंगोली जिल्ह्यांत बैलगाडी हांकणारा शेतकरी रस्त्याकडे पाहतो, तो जणूं एखाद्या इंजिनियराच्या डोळ्यांनींच. तेथील काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पाणी लागलें कीं फुगते. तिच्यावर बांधलेला रस्ता त्यामुळें एका जागीं स्थिर राहत नाहीं. कोठें खचतो, तर कोठें उचलला जातो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, हिंगोली गांवीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि परभणीपासून वेगळा असा हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले. परंतु मातीचा स्वभाव बदलला नाहीं.

जुन्या बैलगाडीला कमान नसे. चाकाला बसलेला धक्का आंसावाटें थेट साटीला, आणि साटीवरून बसणाऱ्याच्या कण्याला पोंचे. बैलाच्या चालीनें जाणाऱ्या गाडीला हें चालून जाई. पण वेग वाढला म्हणजे तोच खड्डा शत्रु होतो. टांग्याला पोलादी पाटे आले, ते याच कारणानें. इंग्लंडांत ओबदाया इलियट यानें घोडागाडीच्या लंबवर्तुळाकार कमानींचा हक्क १८०४ सालीं मिळविला, आणि तेव्हांपासून शंभर वर्षें गाडी म्हणजे पाट्यांवर ठेवलेली पेटी, असेंच समीकरण राहिलें. मोटार आली तीहि तेच पाटे घेऊन आली.

स्वातंत्र्य मिळालें त्या सुमारास हिंदुस्थानांत मोटारीचे दोन मोठे कारखाने उभे राहत होते. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी मुंबईस कुर्ल्याला, आणि बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स बंगालमध्यें उत्तरपाड्याला. दोन्हीकडे नकाशे परदेशांतून आलेले होते. ज्या रस्त्यांसाठीं ते नकाशे आंखले गेले, ते रस्ते इंग्लंड-अमेरिकेचे होते. याच काळांत कोल्हापूरजवळील इचलकरंजी गांवीं शंकरराव कुलकर्णी नांवाचा एक गृहस्थ स्वतःची मोटार घडवूं लागला. अभियांत्रिकीची पदवी त्याच्या गांठीं नव्हती. मात्र गांव यंत्रांचें होतें. घोरपड्यांच्या या जहागिरींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला होता, आणि मागाच्या पाठोपाठ लेथ, भट्टी, सांचे व त्यांवर काम करणारे कुशल हात हीं गांवांत रुजलीं होतीं. कुलकर्ण्यांचा पहिला नमुना १९४९ सालीं रस्त्यावर आला. पुढें वीस वर्षांहून अधिक काळ ते एकामागून एक नमुने बनवीत गेले. गाडीचें नांव त्यांनीं ठेविलें ‘मीरा’.

मीरेचें इंजिन दोन सिलिंडरांचें, छोटें होतें. पण इतिहासाच्या दृष्टीनें तिच्यांतील अधिक विचार करण्यासारखी गोष्ट इंजिनाच्या खालीं होती. गाडीचा भार पोलादी पाट्यांवर न ठेवतां कुलकर्ण्यांनीं तो रबरावर तोलला. यामुळें गाडीचे सुटे भाग कमी झाले. हा निर्णय किती धाडसाचा होता, हें समजण्यासाठीं चाक आणि पेटी यांच्यामधल्या वीतभर जागेंत काय घडतें तें पाहावें लागेल.

एक साधा प्रयोग कोणत्याहि घरीं करतां येईल. दहा सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याला खडा बांधून झोका द्यावा. तो मिनिटास सुमारें ९५ हेलकावे घेईल. दोरा पंचवीस सेंटिमीटर केला, तर हेलकावे ६० च होतील. मोटारीचा नियम हाच आहे. पेटीच्या भारानें कमान जितकी दबते, तितक्या लांबीच्या लंबकाप्रमाणें ती पेटी वरखालीं डुलते. माणूस चालतांना त्याचें शरीर मिनिटास साठ ते शंभरपर्यंतच्या हेलकाव्यांना सरावलेलें असतें. कमान फार कडक असली म्हणजे हेलकावे त्याहून पुष्कळ वाढतात आणि प्रवासी खिळखिळा होतो. फार मऊ असली, तर गाडी होडीसारखी डुलते, आणि खड्ड्यांत पेटी आंसावर आदळते.

मोठ्या मोटारीला हें गणित त्या मानानें सोपें जातें. छोटीला तें फार अवघड पडतें. समजा, कमानींवर रिकाम्या छोट्या गाडीचा भार ५०० किलो आहे. तींत चार माणसें व थोडें सामान मिळून २८० किलो चढले, तर भार दीडपटीहून अधिक झाला. तेंच ओझें १५०० किलोच्या गाडींत बसलें, तर वाढ पांचव्या हिश्शाच्याहि आंत राहते. रिकामी असतांना दहा सेंटिमीटर दबलेली छोटी गाडी माणसें बसतांच आणखी साडेपांच सेंटिमीटर खालीं बसेल. मग खडकाळ रस्त्यावर चाकाला वर सरकण्यास जागा उरायची कोठून? म्हणून छोट्या गाडीला अशी कमान हवी असते, कीं जी थोड्या भारास मऊ आणि वाढत्या भारास कडक होत जाईल.

रबराचा स्वभाव नेमका असाच आहे. रबराच्या ठोकळ्याचें घनफळ दाबानें जवळजवळ बदलत नाहीं. दाबला कीं तो बाजूंनीं फुगतो, आणि फुगण्यास जागा संपूं लागली कीं झपाट्यानें कडक होतो. त्याच ठोकळ्याला दाबण्याऐवजीं तिरपें सरकविलें, तर तो पुष्कळच मऊ वागतो. म्हणजे ठोकळ्याचा आकार आणि भाराची दिशा यांची निवड करून हवी तशी कमान घडवितां येते. शिवाय तेवढ्याच वजनाच्या पोलादापेक्षां रबर कितीतरी अधिक ऊर्जा सांठवितें, आणि सांठविलेल्या ऊर्जेचा कांहीं अंश उष्णतेच्या रूपानें खर्चून झुलणें थोडें आंवरतेंहि. त्याला वंगण लागत नाहीं, गंज चढत नाहीं.

परंतु रबराचे दोषहि तितकेच खरे आहेत. सतत भाराखालीं तें हळूहळू बसत जातें. तेल व ऊन यांनीं खराब होतें. आणि धातूला तें घट्ट जोडणें ही स्वतंत्र विद्याच आहे. पोलादी पाटा मोडला तर गांवचा लोहार दुसरा घालूं शकतो. रबराचा ठोकळा फाटला तर सांचा ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच जावें लागतें.

कुलकर्णी या वाटेनें जात असतांना जगांत आणखी कांहीं माणसें तिच्यावर होतीं. इंग्लंडांत ॲलेक इस्सिगोनिस आणि जॉर्ज डाउसन या दोन मित्रांनीं फावल्या वेळांत, घरच्या घरीं, हातानें एक हलकी शर्यतीची मोटार कांहीं वर्षें खपून बनविली; ती १९३८ सालीं पुरी झाली. तिचीं चारी चाकें स्वतंत्रपणें हलत आणि भार रबरावर असे. पुढें याच इस्सिगोनिसची ‘मिनी’ १९५९ सालीं बाजारांत आली, तेव्हां तिच्यासाठीं ॲलेक्स मोल्टननें रबराचे शंकु तयार केले. कारणें तींच होतीं: जागा थोडी, गाडी हलकी, आणि भाराची चढउतार मोठी. फ्रान्समध्यें १९४८ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलेल्या सित्रोएनच्या ‘टू सीव्ही’पुढें तर अशी अट ठेवलेली होती, कीं नांगरलेल्या शेतांतून जातांना टोपलींतील अंडें फुटतां कामा नये. ही अट हिंगोलीच्या शेतकऱ्यानेंहि घातली असती.

इस्सिगोनिसच्या पाठीशीं मोठा कारखाना होता. मोल्टनच्या मागें रबराचा पिढीजाद धंदा होता. इचलकरंजीच्या कारागिराला या सोयी नव्हत्या. अशा ठिकाणीं काम करणाऱ्यासाठीं भाग कमी असणें ही केवळ काटकसर नसते. तीच त्याची खरी शक्ति असते. पाटे म्हटले कीं कमानीचें खास पोलाद, त्याला पाणी देण्याची भट्टी, वर झुलत्या कड्या व पिना, आणि त्या प्रत्येकीला वंगण. यांतला जो भाग गाळतां येईल, तो विकत घ्यावा लागत नाहीं, झिजत नाहीं, आणि गाडीचें वजनहि वाढवीत नाहीं.

मीरेची किंमत सुमारें बारा हजार रुपये पडावी, असा अंदाज होता. मध्यमवर्गीय घराला परवडेल अशी गाडी, हा हेतु त्यामागें स्पष्ट होता. सरकारलाहि हा हेतु अपरिचित नव्हता. लक्ष्मीकांत झा यांच्या समितीनें १९६० च्या सुमारास स्वस्त छोट्या मोटारीचा पुरस्कार केला होता. परंतु १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटार बनविणें हें केवळ कारागिरीचें काम राहिलें नव्हतें. परवाना, भांडवल, जमीन, कर आणि सुटे भाग पुरविणाऱ्यांची सांखळी हीं सारीं एकाच वेळीं जुळावीं लागत. एक गाडी हातानें घडविणें आणि दहा हजार गाड्या एकसारख्या काढणें, या दोहोंमधील अंतर चिकाटीनें एकट्याला तोडतां येत नाहीं. मीरा कारखान्यांत निघालीच नाहीं. छोट्या गाडीचें स्वप्न अखेर १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीच्या रूपानें खरें झालें, आणि तिचा नकाशा जपानांतून आला होता.

यावरून कुलकर्ण्यांचा प्रयत्न वायां गेला असें म्हणणें सोपें आहे. तसेंच, त्यांना संधि मिळती तर ते जिंकलेच असते, असें म्हणणेंहि सोपें आहे. दोन्ही विधानें घाईचीं आहेत. रबराची ती मांडणी हजारो गाड्यांवर, वर्षानुवर्षें, काळ्या मातीच्या रस्त्यांवर कशी टिकली असती, याची परीक्षा झालीच नाहीं. खरी हानि तीच आहे. नमुना चुकीचा ठरला असता, तरी त्या चुकीपासून येथील पुढचा कारागीर शिकला असता. परीक्षाच न झाल्यानें यशहि हातीं आलें नाहीं आणि धडाहि मिळाला नाहीं.

हिंगोलीच्या रस्त्यांवरून आज मोटारी धांवतात. त्यांच्या कमानींचा हिशेब कोणीतरी, कोठेंतरी केलेला असतो, आणि बसणाऱ्याला त्याचें भान नसतें. कमान उत्तम असण्याची खूण तीच आहे: ती आहे हें प्रवाशाला कळत नाहीं. मात्र आपल्या मातीचा विचार आपल्याच हातांनीं करावा, आणि तो वीतभर जागेंत बसवून दाखवावा, असें इचलकरंजींत एका माणसाला वाटलें होतें. पावसाळ्यांत रस्ता पुन्हां खचला कीं त्याची आठवण ठेवण्यास हरकत नाहीं.