विम्याची एजन्सी : परभणी-पोखर्णी पट्ट्यातली भरती आणि गळती

आयुर्विमा एजंट हा पगारी नोकर नसतो. तो कंपनीसाठी विमे मिळवतो आणि भरल्या गेलेल्या हप्त्यांवर कमिशन घेतो. गाडीचे पेट्रोल, फुकट गेलेले हेलपाटे, फॉर्म भरण्यात गेलेला दिवस, हे सगळे त्याच्या पदरचे. त्यामुळे एजंट नेमायला कंपनीला फारसा खर्च येत नाही आणि तो सोडून गेला तरी तिचे फारसे अडत नाही. परभणी-परळी रेल्वेमार्गावर, नृसिंहाच्या देवस्थानामुळे ओळखल्या जाणाऱ्या पोखर्णीसारख्या गावांत एजन्सी घेणारे इतके आणि टिकणारे इतके थोडे का, याचे बरेचसे उत्तर या रचनेतच आहे.

मराठी मुलखात विमा आधी शहरांत आला. ओरिएंटल ही कंपनी १८७४ मध्ये मुंबईत निघाली आणि अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया उभी केली. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे १९०७ पासून सरकारी नोकरांसाठी राज्याची स्वतःची विमा योजना होती. तिचा हप्ता पगारातून जात असल्यामुळे दारोदार फिरणाऱ्या माणसाची गरज नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र कंपन्यांची स्पर्धा एजंटांच्या जिवावर चालली होती. १९३८ च्या विमा कायद्याने एजंटाला परवाना सक्तीचा केला, कमिशनवर मर्यादा आणली आणि कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला परत देण्यास, म्हणजे ‘रिबेट’ला, कलम ४१ ने मनाई केली. ही मनाई आजही कायम आहे. तिचा भंग करणाऱ्याला पूर्वी ५०० रुपयांपर्यंत दंड होता, २०१५ च्या दुरुस्तीने तो १० लाखांपर्यंत नेला.

१९५६ साली परभणीसाठी दोन बदल पाठोपाठ आले. १९ जानेवारीला आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी ही घोषणा आकाशवाणीवरून केली. देशी-विदेशी कंपन्या आणि भविष्य-निर्वाह संस्था मिळून २४५ विमा संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. पुढे दोनच महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. राष्ट्रीयीकरणामागे विमा खेड्यापर्यंत नेण्याचा हेतू स्पष्ट होता. पण खेड्यापर्यंत नेणारा माणूस पूर्वीचाच राहिला, कमिशनवर जगणारा.

या माणसाला शोधून आणण्याचे काम विकास अधिकाऱ्याकडे आले. गावोगाव ‘डी. ओ. साहेब’ म्हणून ओळखला जाणारा हा अधिकारी पगारी असतो. मात्र आपल्या एजंटांनी आणलेल्या हप्त्यांच्या प्रमाणातच आपला खर्च ठेवण्याचे बंधन त्याच्यावर असते आणि त्याचा प्रोत्साहन भत्ताही त्याच धंद्यावर ठरतो. म्हणून नवे एजंट भरत राहणे हीच त्याच्या नोकरीची हमी होते. तो विक्रीचे कसब असलेला माणूस शोधतोच, पण त्याआधी गोतावळा असलेला माणूस शोधतो. शिक्षक, सोसायटीचा सचिव, किराणा दुकानदार, सुशिक्षित बेकार तरुण अशी ही माणसे असतात. सरकारी नोकराला एजन्सी घेता येत नाही. पत्नीच्या किंवा घरच्यांच्या एजन्सीसाठी त्याने प्रचार करणेही महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे नियमभंग ठरते. तरी एजन्सी पत्नीच्या नावाने आणि गाठीभेटी गुरुजींच्या, ही पद्धत राज्यभर रुजली.

नव्या एजंटाच्या पहिल्या ‘केसेस’ घरातूनच निघतात. भाऊ, मेहुणा, मामा, शेजारी, वर्गमित्र. वर्षाला किमान १२ जणांचे विमे आणण्याची महामंडळाची अट पहिल्या वर्षी या गोतावळ्यावरच पुरी होते. इथपर्यंत सगळे सुरळीत चालते.

अडचण दुसऱ्या वर्षी येते आणि ती साध्या हिशेबाने दिसते. बचतीच्या नेहमीच्या पॉलिसीवर अनेक दशके पहिल्या वर्षी बोनस कमिशन धरून कमाल ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि पुढे ५ टक्के असे कमिशन चालत आले. त्या दरांनी वर्षाला ६,००० रुपये हप्त्याच्या १२ पॉलिसी आणणाऱ्याला पहिल्या वर्षी २५,२०० रुपये मिळत. पुढच्या वर्षी नवी केस मिळाली नाही, तर जुन्यांवर ५,४०० रुपये मिळत आणि चौथ्या वर्षापासून ३,६००. तेही सगळ्यांनी हप्ते भरले तर. म्हणजे दरवर्षी १२ नवी घरे हवीत, पण गावातली पगारदार आणि बागायतदार घरे मोजकी असतात, शिवाय डी. ओ. साहेबांनी त्याच गावात आणखी दोघांना एजन्सी दिलेली असते. स्पर्धा वाढली की गिऱ्हाईक पहिला हप्ता एजंटानेच भरावा असे सुचवू लागते. कायद्याने मना असलेली रिबेट अशी गुपचूप चालते आणि एजंटाचे पहिल्या वर्षाचे उत्पन्न त्यातच संपते. १२ ची अट पुरी करण्यासाठी घरातल्या मुलांच्या नावाने पॉलिसी काढणारे, त्यांचे हप्ते स्वतः भरता भरता थकणारे एजंट याच टप्प्यावर दिसतात.

कोरडवाहू शेतीचे वेळापत्रक विम्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही, हे याहून मोठे कारण आहे. विम्याचा मोठा हंगाम मार्च. आर्थिक वर्ष संपत असते, शाखेचे लक्ष्य गाठायचे असते, पगारदारांना आयकराची सवलत हवी असते. मार्चमध्ये काढलेल्या पॉलिसीचा तिमाही हप्ता जूनमध्ये आणि सहामाही हप्ता सप्टेंबरमध्ये येतो. जूनमध्ये पैसा बी-बियाणे आणि खतात अडकलेला असतो. सप्टेंबरमध्ये सोयाबीन रानात उभे असते आणि कापसाची वेचणी व्हायची असते. ३० दिवसांची सवलतीची मुदत कधी पुरते, कधी पुरत नाही. २०१२ नंतर मराठवाड्यात लागोपाठ पडलेल्या दुष्काळांसारख्या वर्षांत तर दिवाळीलाही हातात काही येत नाही. पॉलिसी बंद पडते आणि तिच्यावरचे पुढचे कमिशनही बंद होते. नातेवाइकाचे पैसे बुडाल्याचा दोष एजंटावर येतो. ज्या गोतावळ्याच्या बळावर त्याने एजन्सी घेतली, तोच त्याला टाळू लागतो. वर्षाची अट हुकली की एजन्सी जाते.

एजंट गेल्यावर त्याने आणलेल्या चालू पॉलिसींना धंद्याच्या भाषेत ‘अनाथ’ म्हणतात. पत्ता बदलणे, वारस नोंदवणे, मृत्यूनंतर दाव्याची कागदपत्रे जमवणे यांसाठी विमेदाराला किंवा त्याच्या घरच्यांना मग शाखेच्या पायऱ्या स्वतः चढाव्या लागतात. गळतीची सर्वांत जड किंमत शेवटी विमेदाराच्या विधवेला मोजावी लागते, हे या विषयावर लिहिताना सहसा नोंदले जात नाही.

ही गोष्ट केवळ मराठवाड्याची नाही. डेव्हिड मेयर आणि हर्बर्ट ग्रीनबर्ग यांनी १९६४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये अमेरिकेतल्या विमा एजंटांबद्दल नोंदवले होते की निम्म्याहून अधिक जण पहिल्याच वर्षी आणि सुमारे ८० टक्के तीन वर्षांत काम सोडतात. भारतात मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर आणि १९९९ च्या नियामक कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या. परवान्यासाठी १०० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा लागू झाली. ५,००० वा अधिक लोकवस्तीच्या गावी बारावी आणि त्याहून लहान गावी दहावी उत्तीर्ण ही पात्रता ठरली. खासगी कंपन्यांवर ठरावीक वाटा ग्रामीण विम्यांचा ठेवण्याचे बंधन होते, त्यामुळे त्यांचे लोकही तालुक्यांत उतरले. २०१० मध्ये देशात एजंटांची संख्या ३० लाखांच्या जवळ पोहोचली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून युनिट-लिंक्ड विम्यांच्या आकारणीवर मर्यादा आल्या, कमिशन घटले आणि तीन वर्षांत ही संख्या सुमारे २१ लाखांवर आली.

अलीकडच्या उपायांचा रोख टिकण्याकडे आहे. २०२३ मध्ये महामंडळाच्या एजंटांची ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाली आणि पुन्हा नेमलेल्या एजंटालाही नूतनीकरणाचे कमिशन मिळण्याची सोय झाली. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे विमा सखी योजना सुरू झाली. दहावी उत्तीर्ण स्त्रियांना पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये मानधन, वर्षाला २४ जणांचे विमे आणि आधीच्या वर्षीच्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू राहण्याची अट, असे तिचे स्वरूप आहे. जुन्या अटीच्या दुप्पट विमे मागणारी, पण पडत्या दिवसांत हाताशी काही रक्कम देणारी ही योजना तीन वर्षांची आहे. चौथ्या वर्षापासून सखीचे उत्पन्न इतर एजंटांप्रमाणे कमिशनवरच अवलंबून राहते.