मालवणचं प्रवाळ घरच्या फिश टँकमध्ये ठेवता येतं का?

नाही, तो गुन्हा आहे. वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, मालवणच्या समुद्रात स्नॉर्कलिंग करताना दिसणारं कठीण प्रवाळ दगडासारखं वाटलं, तरी ती सजीव प्राण्यांची वसाहत असते.

त्यांच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं. म्हणून टाकीतही त्यांना तीव्र प्रकाश, खेळतं खारं पाणी, पुरेसं कॅल्शियम आणि साधारण २४ ते २७ अंश तापमान लागतं. पाणी जास्त काळ तापलेलं राहिलं, तर शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपासमारीने मरू शकतं.

भारतात कठीण प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीने, संरक्षण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ सालचं. त्यामुळे किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही आठवण म्हणून घरी नेऊ नये.