टाकून दिलेला प्रवाह : अतिसंवाहक संधींतील टनेलिंगच्या शोधाचा इतिहास (१९५७–१९६४)

प्रस्तावना

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'जोसेफसन परिणाम' हा घटक घन अवस्था भौतिकीच्या अखेरच्या प्रकरणात येतो आणि बहुधा परीक्षेपूर्वीच्या घाईत शिकवला जातो. दोन सूत्रे, एक आलेख आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचा उल्लेख एवढ्यावर तो आटोपतो. वेळ उरल्यास शिक्षक एक गोष्टही सांगतात : बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने नोबेल पारितोषिक विजेत्या जॉन बार्डीन यांना चूक ठरविले. ही गोष्ट खोटी नाही. मात्र ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणामुळे या इतिहासातील अधिक बोधप्रद बाब झाकली जाते. ज्या प्रवाहाचे भाकीत ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केले, तो प्रवाह त्यापूर्वीच प्रयोगशाळेत दिसलेला होता. पाहणाऱ्यांनी तो दोष समजून बाजूला ठेवला होता. तो का ठेवला गेला आणि तो दोष नव्हे हे अखेर कोणत्या पुराव्याने ठरले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

लायडन येथे हाइके कॅमरलिंग ऑनेस यांना १९११ मध्ये सुमारे ४.२ केल्विन तापमानाला पाऱ्याचा विद्युत्‌रोध नाहीसा होताना आढळला. या अतिसंवाहकतेचा समाधानकारक सूक्ष्म सिद्धांत मिळण्यास मात्र १९५७ साल उजाडले. बार्डीन, लिऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर यांच्या या सिद्धांतानुसार (तो 'बीसीएस' या आद्याक्षरांनी ओळखला जातो) इलेक्ट्रॉन जोड्याजोड्यांनी बांधले जातात आणि त्यांची जोडी फोडण्यासाठी एक किमान ऊर्जा पुरवावी लागते. हेच ऊर्जा-अंतर. शिशासाठी ते सुमारे २.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट इतके आहे. प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते हे लक्षात घेता हे अंतर किती चिमुकले आहे याची कल्पना येईल.

त्याच १९५७ साली टोकियोत सोनी कंपनीत काम करणाऱ्या लिओ एसाकी यांनी जर्मेनियमच्या अत्यंत अरुंद संधीत इलेक्ट्रॉन टनेलिंगने पलीकडे जातात हे दाखविले. पुरेशी ऊर्जा नसतानाही कणाने अडथळ्यापलीकडे प्रकट व्हावे, ही कल्पना पुंजयामिकीच्या आरंभापासूनची. किरणोत्सारी अणुकेंद्रातून अल्फा कण कसा निसटतो याचे स्पष्टीकरण तिनेच १९२८ मध्ये दिले होते. आपल्या महाविद्यालयांतील अनेक प्रयोगशाळांत एसाकी यांच्या टनेल डायोडचा आलेख विद्यार्थी आजही काढतात. त्या आलेखातील, दाब वाढवताना प्रवाह घटतो तो भाग म्हणजे टनेलिंगचाच ठसा होय.

एका यंत्र अभियंत्याचा प्रयोग

इव्हार गिएव्हर (नॉर्वेतील उच्चार 'येव्हर') यांचे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे. ट्रॉनहाइमच्या तंत्र महाविद्यालयात भौतिकशास्त्र व गणितात त्यांना जेमतेम गुण होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. न्यूयॉर्क राज्यातील शेनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत काम करीत असताना ते जवळच्या ट्रॉय गावातील रेन्सिलर पॉलिटेक्निकमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांना बसत. संशोधनशाळेत त्यांच्याकडे जॉन फिशर यांनी सुचविलेला विषय होता : दोन धातूंमध्ये अतिशय पातळ निरोधक थर ठेवून त्यातून टनेलिंग मोजणे. काचेच्या पट्टीवर निर्वातात ॲल्युमिनियमचा थर चढवायचा, त्यावर हवेने ऑक्साइड धरू द्यायचे, आणि त्यावर आडवी दुसऱ्या धातूची पट्टी चढवायची. ऑक्साइडची जाडी दोन-तीन नॅनोमीटर.

येथे एक साधी पण जाचक अडचण होती. एवढ्या पातळ थरात कोठेतरी सुईच्या अग्राहूनही बारीक छिद्र राहिले, तर दोन्ही धातू एकमेकांना टेकतात आणि प्रवाह टनेलिंगने न जाता सरळ धातूतून जातो. प्रयोगशाळेच्या भाषेत तो 'शॉर्ट'. मोजलेला प्रवाह टनेलिंगचा की शॉर्टचा, हा संशय प्रत्येक नमुन्यावर असे आणि सहकारी तो बोलूनही दाखवीत.

रेन्सिलरच्या वर्गात बीसीएस सिद्धांतातील ऊर्जा-अंतराविषयी ऐकताना गिएव्हर यांच्या लक्षात आले की, हे अंतर आणि आपण आपल्या संधींवर लावतो तो मिलिव्होल्टमधील दाब एकाच मापाचे आहेत. धातूंपैकी एक अतिसंवाहक केला तर अंतराएवढा दाब येईपर्यंत इलेक्ट्रॉनांना पलीकडे जागाच मिळू नये. पहिले प्रयत्न फसले. २२ एप्रिल १९६० रोजी ॲल्युमिनियम–ऑक्साइड–शिसे अशा संधीवर अपेक्षित बदल दिसला. शिसे ७.२ केल्विनखाली अतिसंवाहक होते. ते तसे झाल्यावर कमी दाबाचा प्रवाह एकदम घटला. काही कोटी खर्चाच्या सामग्रीने जे अंतर अप्रत्यक्षपणे चाचपावे लागे, ते व्होल्टमापक व ॲमीटर यांनी थेट वाचता येऊ लागले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या यशातच पुढील चुकीचे बीज होते. शॉर्टमधून जाणारा प्रवाह अतिसंवाहकतेने घटत नाही, उलट सुलभ होतो. त्यामुळे प्रवाहाची घट हे चांगल्या संधीचे प्रमाणपत्र ठरले. आता दोन्ही धातू अतिसंवाहक असता शून्य दाबालाच प्रवाह वाहू लागला, तर निष्कर्ष काय? थरात छिद्र आहे. नमुना टाकून द्यावा. असे प्रवाह आपण पाहिले होते आणि ते शॉर्ट समजून दुर्लक्षिले, हे गिएव्हर यांनी नोबेल व्याख्यानात मोकळेपणाने सांगितले आहे. प्रस्तुत लेखकास यात हलगर्जीपणा दिसत नाही. ज्या कसोटीने टनेलिंग सिद्ध झाले, त्याच कसोटीने हा प्रवाह बाद होत होता, आणि त्या वेळी त्या कसोटीखेरीज हाती दुसरे काही नव्हते.

केंब्रिज, १९६२

जोसेफसन तेव्हा केंब्रिजला ब्रायन पिपर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. १९६१–६२ या वर्षी बेल प्रयोगशाळेतील फिलिप अँडरसन तेथे पाहुणे अध्यापक होते. या विद्यार्थ्यासमोर शिकविणे अवघड जाई. काही चुकले तर तो तासानंतर येऊन समजावून देई, अशी आठवण अँडरसन यांनी पुढे लिहून ठेवली आहे. (आपल्यापैकी कित्येकांच्या वाट्याला असा विद्यार्थी कधीतरी आलेला असेल; त्याचे स्वागत कसे झाले हे ज्याचे त्याने आठवावे.)

अँडरसन यांच्या व्याख्यानांतून जोसेफसन यांना एक प्रश्न लागला. अतिसंवाहकातील सर्व जोड्या मिळून एकच तरंग बनवितात आणि त्या तरंगाला एक कला, म्हणजे वर्गात आपण ज्याला फेज म्हणतो ती, असते. एकट्या अतिसंवाहकाची कला मोजता येत नाही. पण दोन अतिसंवाहकांतील कलांतराचे काय? ते कोठे दिसेल? पातळ अडथळ्याने जोडलेली दोन अतिसंवाहके ही त्यासाठी योग्य जागा होती.

पिपर्ड यांनी यापूर्वी असा विचार केला होता की, एक इलेक्ट्रॉन अडथळा ओलांडण्याची संभाव्यता अतिशय लहान असते. दोन इलेक्ट्रॉन एकदम ओलांडण्याची संभाव्यता त्या लहान संख्येचा वर्ग, म्हणजे नगण्यच. जोसेफसन यांचे गणित वेगळे निघाले. जोडीतील दोन इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे नशीब अजमावीत नाहीत, ते एका सुसंगत तरंगाचे भाग असतात. म्हणून जोड्यांचा प्रवाह साध्या टनेलिंगच्याच मापाचा येतो. तो कलांतराच्या ज्येवर, म्हणजे साइनवर, अवलंबून असतो आणि दाब शून्य असतानाही वाहतो. दाब लावला तर कलांतर सतत फिरू लागते व प्रवाह प्रत्यावर्ती होतो. एका मायक्रोव्होल्टला त्याची वारंवारता ४८३.६ मेगाहर्ट्‌झ. जुलै १९६२ मध्ये हा शोधनिबंध 'फिजिक्स लेटर्स' या नव्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

बार्डीन यांचा आक्षेप

बार्डीन यांनी आपल्या एका निबंधात मुद्रितशोधनाच्या वेळी टीप जोडून हे भाकीत अमान्य केले. इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचे बंधन अडथळ्यात शिरत नाही, म्हणून असा अतिप्रवाह असू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी महाविद्यालयात भरलेल्या नीच तापमान भौतिकीच्या परिषदेत दोघांनी समोरासमोर आपापली बाजू मांडली.

हा आक्षेप केवळ अधिकाराच्या बळावर केलेला नव्हता, ही बाब वर्गात सांगितली जात नाही. अतिसंवाहक संधीतील टनेलिंगचे बहुकण सिद्धांतानुसार स्पष्टीकरण १९६१ मध्ये बार्डीन यांनीच दिले होते, आणि अडथळ्यात जोड्यांचे बंधन नसते या गृहीतामुळेच गिएव्हर यांचे आलेख इतके साधे का येतात हे उलगडले होते. यशस्वी ठरलेले गृहीत कोणी सहजासहजी सोडत नाही. चूक होती ती पुढच्या पायरीत. बंधनकारक परस्परक्रिया अडथळ्यात शून्य असली तरी जोडीचा तरंग त्यात काही अंतर पसरू शकतो. हा भेद शब्दांत मांडला की सोपा वाटतो. १९६२ मध्ये तो ज्यांना समजला त्यांची संख्या फार नव्हती.

शिवाय प्रयोग जोसेफसन यांच्या बाजूने नव्हता. त्यांनी स्वतः केंब्रिजला मापन करून पाहिले. प्रवाह सापडला नाही.

मरे हिल : पुरावा

अमेरिकेत परतल्यावर अँडरसन यांनी न्यू जर्सीतील मरे हिल येथे जॉन रॉवेल यांच्याबरोबर हा प्रश्न हाती घेतला. प्रवाह सापडत नव्हता याचे कारण अँडरसन यांच्या ध्यानात आले होते. कलांतराला बांधून ठेवणारी ऊर्जा संधीच्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. कॉर्नेल विद्यापीठातील विनय आंबेगावकर (हे आडनाव मराठी वाचकास परके वाटणार नाही) व ॲलेक्सिस बारातॉफ यांनी १९६३ मध्ये जे सूत्र काढले, त्यावरून हे आकड्यांत मांडता येते. शिशाच्या दोन थरांतील संधीचा रोध एक ओहम असेल तर अत्यल्प तापमानाला महत्तम जोसेफसन प्रवाह सुमारे २ मिलिॲम्पिअर, आणि हजार ओहम असेल तर अवघा २ मायक्रोॲम्पिअर. दुसऱ्या संधीत ही बंधन-ऊर्जा इतकी क्षीण असते की, खोलीच्या तापमानाला असलेल्या उपकरणांकडून तारांवाटे येणारा विद्युतीय गोंगाट कला विस्कटून टाकतो. म्हणजे ऑक्साइड आणखी पातळ हवे. पण ऑक्साइड जितके पातळ, तितका शॉर्टचा संशय दाट!

कथील–कथिलाचे ऑक्साइड–शिसे अशा संधीत रॉवेल यांना शून्य दाबाचा प्रवाह दिसला. आता प्रश्न तोच, १९६० चा : हा शॉर्ट कशावरून नव्हे? उत्तर चुंबकीय क्षेत्राने दिले. धातूचा बारीक पूल क्षीण क्षेत्राने विचलित होत नाही. जोसेफसन प्रवाह मात्र अत्यंत संवेदनशील असतो, कारण क्षेत्रामुळे संधीच्या रुंदीभर कलांतर बदलत जाते आणि निरनिराळ्या भागांतील प्रवाह परस्परांना छेद देतात. रॉवेल यांच्या संधीत पृथ्वीचे क्षेत्र, जे अर्ध्या गॉसच्या आसपास असते, निष्प्रभ करताच प्रवाह सुमारे दुप्पट झाला. भिंतीवरचे होकायंत्र फिरविणारे क्षेत्र ज्याला अर्धे करते तो धातूचा पूल असणे शक्य नव्हते. मार्च १९६३ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. शीर्षकात लेखकांनी 'संभाव्य निरीक्षण' असा सावध शब्द वापरला. त्याच वर्षी रॉवेल यांनी क्षेत्र वाढवीत नेऊन प्रवाह कमी होतो, शून्य होतो, पुन्हा थोडा वाढतो, असा आलेख मिळविला. एका फटीतून जाणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाची आकृती विद्युत्‌प्रवाहात उमटलेली पाहिल्यावर संशयाला जागा उरली नाही. बार्डीन यांनीही आक्षेप मागे घेतला.

दरम्यान या दोघांनी बेलच्या पेटंट-वकिलाचा सल्ला घेतला होता. जोसेफसन यांचा निबंध इतका परिपूर्ण आहे की इतरांना पेटंट घेण्याजोगे फारसे काही उरलेले नाही, असे त्याने सांगितल्याचे अँडरसन नमूद करतात.

पुढील वाटचाल

१९६३ मध्येच सिडनी शपायरो यांनी सूक्ष्मतरंगांचा मारा करून संधीच्या आलेखात समान अंतराच्या पायऱ्या मिळविल्या आणि प्रत्यावर्ती प्रवाहाचे भाकीतही खरे ठरले. या पायऱ्यांची उंची केवळ वारंवारता व दोन मूलभूत स्थिरांकांवर अवलंबून असल्याने १ जानेवारी १९९० पासून व्होल्टची प्रमाणभूत मापने जगभर एका ठरावीक जोसेफसन स्थिरांकावर आधारली गेली. २० मे २०१९ पासून तर तो स्थिरांक अचूक निश्चितच आहे. १९६४ मध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधनशाळेत जॅक्लेविक, लॅम्ब, सिल्व्हर व मर्सेरो यांनी दोन संधींचे एक वलय तयार करून त्यांच्या प्रवाहांचे व्यतिकरण दाखविले. मेंदूतील अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रे मोजणारे 'स्क्विड' उपकरण त्याचेच अपत्य. १९७३ चे नोबेल पारितोषिक निम्मे जोसेफसन यांना आणि उरलेले निम्मे एसाकी व गिएव्हर यांना विभागून मिळाले.

१९६४ मध्ये पिपर्ड यांच्याकडे जॉन क्लार्क नावाचा नवा विद्यार्थी आला. नाजूक ऑक्साइड थरांच्या खटपटीऐवजी त्याने नायोबियमच्या तारेवर सोल्डरचा एक गोळा थापला. तारेवरचे नैसर्गिक ऑक्साइड हाच अडथळा. गोळ्याचे रूप पाहून पिपर्ड यांनी त्याला गोगलगाय म्हणून चिडविले आणि त्या उपकरणाचे नाव 'स्लग' असेच पडले. हेच क्लार्क पुढे बर्कलीला गेले. तेथे १९८४–८५ मध्ये मिशेल देव्होरे व जॉन मार्टिनिस यांच्यासह त्यांनी दाखविले की, जोसेफसन संधीत इलेक्ट्रॉनच्या जोड्याच टनेलिंग करतात असे नव्हे, तर कलांतर स्वतः, म्हणजे हातात धरता येईल अशा संपूर्ण मंडलाची अवस्था, एका ऊर्जा-अडथळ्यातून टनेलिंगने बाहेर पडते. या कार्याबद्दल ७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिघांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. गिएव्हर यांचे निधन त्याआधी साडेतीन महिने, २० जून २०२५ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी झाले होते.