नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या भाषेंत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ या दोन प्रयोगांत अंतर आहे तें एका मात्रेचें व एका अनुस्वाराचें. पहिली गोष्ट बारशाच्या दिवशीं पाळण्यापाशीं होते. दुसरी जन्मभर चालते. परंतु कांहीं मुलांच्या बाबतींत हीं दोन्ही कामें पाळण्यापाशींच एकदम उरकलीं जातात. नांवाचा माणसाच्या दैवाशीं कांहीं संबंध असतो काय, या जुन्या वादाकडे मी आज त्या मुलांच्या बाजूनें पाहणार आहें.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत नांवांचे नियम दिले आहेत. ब्राह्मणाचें नांव मंगल असावें, क्षत्रियाचें बलदर्शक, वैश्याचें धनदर्शक, आणि शूद्राचें निंदादर्शक. स्त्रीचें नांव मात्र उच्चारास सोपें, गोड व शुभसूचक असावें. नांवावरून दैव घडतें असें येथें कोठें म्हटलेलें नाहीं. दैव आधींच वांटून झालेलें होतें. नांव ही त्यावर लावलेली पाटी. हा नियम ज्यांनीं कधीं वाचला नाहीं त्यांनींही तो पाळला. एकच गणपति वाड्यांत ‘गणपतराव’ झाला आणि वाड्याबाहेर ‘गणप्या’. देव एक, प्रत्यय निराळा!

हा दोष केवळ आपल्याच देशाचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत बॉस्टन व शिकागो या शहरीं दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं नोकरीच्या जाहिरातींना सुमारें ५,००० बनावट अर्ज पाठविले. लायकी सारखी, फरक नांवांत. गोऱ्या लोकांत रूढ असलेल्या नांवांना काळ्या लोकांत रूढ असलेल्या नांवांपेक्षां सुमारें दीडपट बोलावणीं आलीं. हें त्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे नांवाची करामत नांवांत नसते, तें ऐकणाराच्या कानांत असते. आपल्याकडे ज्यांनीं हें पिढ्यान् पिढ्या सोसलें, त्यांना तें कोणीं शिकवावें लागलें नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धर्मांतर झालें, आणि पुढें त्या घरांतून सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, यशोधरा अशीं नांवें ऐकूं येऊं लागलीं.

आतां उलट बाजू पाहूं. अर्थ वाईट म्हणून नांव माणसाला खालीं ओढतें काय? ज्या घरीं मुलें जगत नसत, तेथें पुढच्या मुलाचें नांव दगडू, धोंडू, भिकू, केरू असें ठेवीत. हेतु हा कीं, दृष्ट लागूं नये. यमानें दारांत डोकावून ‘हा तर केरकचरा’ म्हणून पुढें जावें. महर्षि कर्वे यांच्या ‘धोंडो’ या नांवांतही धोंडाच आहे. १८९६ सालीं त्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, आणि १९५८ सालीं वयाच्या शंभराव्या वर्षीं ते भारतरत्न झाले. हा धोंडा कोणाच्या वाटेंत आडवा आला नाहीं.

परंतु मुलाची पुन्हां पुन्हां वाट पाहणाऱ्या घरीं तिसरी किंवा चौथी मुलगी झाली, म्हणजे तिचें नांव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवीत. असें केल्यानें पुढचा तरी मुलगा होतो, ही समजूत. वरवर पाहतां दगडू काय आणि नकोशी काय, नांवें सारखींच ओबडधोबड. पण दगडू हें नांव यमाला ऐकविण्यासाठीं असतें. नकोशी हें त्या मुलीलाच ऐकविलें जातें.

माझ्या हातीं पुष्कळ वर्षें वर्गाचा हजेरीपट होता. एका वर्षीं त्यांत दोन्ही नांवें होतीं. दगडू ‘हजर’ म्हणून असा ओरडे कीं शेजारचा वर्ग हंसे. नकोशी नुसती उभी राही. मी वर मान करून पाहीपर्यंत ती तशीच उभी असे. मला वाटे, पोर बुजरी आहे. तिला रोज सकाळीं चाळीस मुलांदेखत ‘तूं नको आहेस’ असें सांगण्याचें काम मीच करीत होतों, हें मला उमगलें तें फार उशीरां. आणि उमगलें तेंही वर्तमानपत्र वाचून.

ती बातमी सातारची होती. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागें ८९४ मुली भरल्या होत्या. त्याच वर्षीं २२ ऑक्टोबरला सातारा जिल्ह्यांतील २८५ ‘नकुसां’ना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. लग्नांत मुलींचीं नांवें बदलतच आलीं आहेत. यमुनेची आनंदी झाली ती नवव्या वर्षीं, नवऱ्याच्या घरीं. १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर होतांना तेंच नांव तिच्याबरोबर होतें. पण तें तिनें निवडलेलें नव्हतें. सातारच्या मुलींतील कित्येकींनीं आपलीं नांवें स्वतः निवडलीं. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. प्रत्येकीच्या हातीं नव्या नांवाचें प्रमाणपत्र पडलें.

माझी विद्यार्थिनी त्यांत असण्याचा संभव नव्हता. ती केव्हांच संसाराला लागली होती. त्या वर्षींचा हजेरीपट शाळेच्या कपाटांत असेल, तर तिचें नांव त्यावर अद्याप तसेंच असेल, आणि तें माझ्याच अक्षरांत.