यंत्रापघात आणि मालकाचे दायित्व : मुरुड परिसराच्या संदर्भात

कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर त्या हानीचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न हिंदुस्थानातील औद्योगिक कायद्याने फार उशिरा हाती घेतला. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती संरक्षक कठडे उभारण्याचे बंधन मालकावर घातले. जखमी कामगाराच्या निर्वाहाविषयी मात्र तो मूक होता. शिवाय शंभरांहून कमी माणसांचे आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर राहिले. कापसाच्या मुलखातील हंगामी जिनिंग कारखाने त्यामुळे सहजच सुटले.

ही उणीव प्रथम दाखविली ती कामगारांनीच. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. तेथे सिद्ध झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. त्यातील साप्ताहिक सुटीची मागणी विशेष प्रसिद्ध आहे. तथापि, काम करताना जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, ही मागणी अधिक मूलगामी होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. भरपाईच्या कायद्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले.

१ जुलै १९२४ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने इंग्लंडमधील १८९७ च्या कायद्याचे तत्त्व स्वीकारले. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे कामगारावरून उतरले. धंद्याचा धोका धंद्यानेच सोसावा, असे ठरले. मद्याचा अंमल किंवा संरक्षक साधन हेतुपुरस्सर काढून टाकणे, असे काही अपवाद तेवढे राहिले. अवयवहानीचे कोष्टकही ठरले : अंगठा गेल्यास मिळवण्याच्या शक्तीची हानी २५ टक्के, तर्जनी गेल्यास १० टक्के. यामुळे वाद कमी झाले. परंतु विणकराचे बोट आणि हमालाचे बोट एकाच मापाने मोजले गेले.

मुरुडच्या संदर्भात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. बार्शी लाइट रेल्वे मुरुडमार्गे लातूरला पोहोचली ती १९११ मध्ये. या रुळाच्या एका टोकाची बार्शी ब्रिटिश अंमलाखालील सोलापूर जिल्ह्यात होती, तर मुरुड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. यंत्राने सरहद्द ओलांडली, तरी कायदा तिच्या अलीकडेच थांबला.

राजकीय सरहद्द गेली, तरी दुसरी उरली. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा १९२२ मध्ये वीस व १९४८ च्या कायद्याने दहा झाली; पण मळणी यंत्राला कारखान्याचे फाटकच नसते. ते शेतोशेत फिरते. यंत्र एकाचे, पीक दुसऱ्याचे आणि पेंढी लोटणारा हात रोजंदारीच्या मजुराचा. भरपाई कायद्याच्या परिशिष्टात यांत्रिक शक्तीवरील शेतकामाचा समावेश झाला. पुढे १९८३ च्या धोकादायक यंत्रे नियमन कायद्याने अशा यंत्रांच्या निर्मितीपासून वापरापर्यंत नियमन करून भरपाईचीही तरतूद केली. परंतु दाव्याचा पहिला प्रश्न 'मालक कोण?' हाच असतो, आणि खळ्यावर त्याचे उत्तर सोपे नसते.

दोष सिद्ध करण्याची अट कायद्याने काढली. मालक सिद्ध करण्याची अट तशीच राहिली. लोखंड्यांच्या १८८४ च्या मागणीचा उत्तरार्ध, म्हणजे जायबंदी माणसाचा चरितार्थ, खळ्यावरील मजुराच्या बाबतीत या अटीपाशीच अडतो.