नंबर तोच, कंपनी बदलती: नांदेड-लातूरहून हैदराबादला जाणाऱ्यांसाठी सिमकार्डाची माहिती

देगलूर सोडून गाडी मदनूरकडे लागली की खिशातला फोन वाजतो. कंपनीचा मेसेज असतो, नव्या राज्यात तुमचं स्वागत आहे. आता त्याकडे कुणी बघतही नाही. पण दहा-बारा वर्षांपूर्वी हाच मेसेज आला की लोक फोन उचलायचे नाहीत, कारण आलेल्या कॉलचेही पैसे कटायचे. घरात बसलेल्या माणसाच्या फोनने पलीकडचा टॉवर पकडला आणि बॅलन्स गेला, ही तक्रार सीमेवरच्या गावांत नेहमीची होती.

त्याचं कारण सर्कल. नांदेड, लातूर, धाराशिव हे 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये येतात, त्यातच गोवाही आहे. मुंबई मात्र वेगळी. बिदर, भालकी कर्नाटकात. हैदराबाद आंध्र प्रदेश सर्कलमध्ये. तेलंगण राज्य 2014 मध्ये वेगळं झालं, तरी टेलिकॉमच्या कागदावर सर्कलचं नाव आंध्र प्रदेशच राहिलं. म्हणजे उदगीरहून बिदरमार्गे हैदराबाद गाठायचं तर माणूस अर्ध्या दिवसात तीन सर्कल ओलांडतो.

म्हणूनच आपल्या भागात दोन सिमचा फोन ही चैन नव्हती, गरज होती. एक सिम गावाकडचं, एक हैदराबादचं. नोकिया त्या काळी सगळ्यांच्या हातात होता, पण त्यांचा दोन सिमचा फोन उशिरा आला. तोवर मायक्रोमॅक्स, कार्बन आणि खुद्द हैदराबादेत 2009 मध्ये सुरू झालेली सेलकॉन यांनी ते गिऱ्हाईक उचललं होतं. पुढे चिनी कंपन्या आल्या आणि यांचंही दुकान बसलं. आबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये गेलात तर हँडसेटवरची निष्ठा किती टिकते ते समजतं. ब्रँडच्या नावापेक्षा पार्ट मिळतात का आणि जुना फोन दिला तर किती सुटतात, हे लोक आधी विचारतात.

ग्राहक सोडून गेला की कंपनी?

कंपन्या म्हणतात, ग्राहक टिकत नाही. हिशेब उलटा मांडून बघा. ज्याने 2005 च्या आधी महाराष्ट्रात बीपीएलचं सिम घेतलं आणि कधीच काही बदललं नाही, त्याच्या रिचार्जवर आधी हच आलं, 2007 मध्ये व्होडाफोन आणि 2020 मध्ये व्हीआय. माणूस जागेवर, चार नावं बदलली. आंध्रात टाटा सेल्युलर होती, महाराष्ट्रात बिर्ला एटी अँड टी. दोन्ही एकत्र आल्या आणि 2002 मध्ये आयडिया हे नाव आलं. 2018 मध्ये ती आणि व्होडाफोन एकत्र झाल्या. हैदराबादची जेटी मोबाइल्स भारतीने घेतली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने 2017 च्या शेवटी कॉलिंग सेवा गुंडाळली, 2018 मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटा डोकोमोचे ग्राहक 2019 मध्ये एअरटेलकडे आले. यात ग्राहकाने सोडून दिलं असं कुठे दिसतं?

एवढ्या उलथापालथीत लोकांनी जपला तो नंबर. बँक, आधार, गॅस, पीकविमा, मुलांची शाळा, सगळं त्याला जोडलेलं. माझं मत विचाराल तर आपल्याकडची खरी निष्ठा दहा आकड्यांवर आहे, कंपनीच्या रंगावर नाही.

नंबर घेऊन राज्य ओलांडणं

नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात सुरू झाली आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर. पण ती सर्कलच्या आतच चालायची. नांदेडचा मुलगा हैदराबादला नोकरीला लागला की रोमिंग भरा नाहीतर नवा नंबर घ्या, हेच दोन पर्याय. 3 जुलै 2015 पासून सर्कल ओलांडूनही नंबर नेता येऊ लागला. पुढे 2016 मध्ये जिओ आली आणि देशांतर्गत रोमिंगचा खर्चच जवळपास संपला. त्यामुळे आता हैदराबादला गेलं म्हणून पोर्ट करायलाच हवं असं नाही. रेंज येत नसेल किंवा प्लॅन परवडत नसेल तर करा.

रीत सोपी आहे. PORT लिहून जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि 1900 वर मेसेज करायचा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. कोड चार दिवस चालतो. सर्कलच्या आत तीन कामकाजाचे दिवस लागतात, महाराष्ट्रातून हैदराबादकडे नेत असाल तर पाच. शुल्क आधी 19 रुपये होतं, डिसेंबर 2019 पासून 6 रुपये 46 पैसे आहे.

कोड नाकारला जातो तो बहुतेक तीन कारणांनी: सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले नसतात, पोस्टपेडचं बिल थकलेलं असतं, किंवा नुकतंच डुप्लिकेट सिम काढलेलं असतं. हा शेवटचा नियम 1 जुलै 2024 पासूनचा. सिम बदलल्यावर सात दिवस कोड मिळत नाही. आपलं सिम परस्पर काढून नंबर पळवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो केला. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही, तेव्हा वर्षाचा रिचार्ज मारून महिन्याने पोर्ट करू नका.

मेसेज पाठवला की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात, थांबा, ऑफर देतो म्हणून. पंधरा वर्षं इमानाने रिचार्ज करणाऱ्याला काही नाही आणि जायला निघालेल्याला सवलत, हा कुठला व्यापार? जुलै 2024 मध्ये खाजगी कंपन्यांनी दर साधारण 11 ते 25 टक्के वाढवले, तेव्हा लोकांनी उत्तर दिलं. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे 29 लाखांवर ग्राहक वाढले. पण नोव्हेंबरमध्ये तिथलीही संख्या घटली. दर कमी, पण रेंजचं काय, हा प्रश्न उरलाच.

दुसरं सिम पडून असेल तर

हैदराबादला स्थायिक झालेल्यांचं नुकसान होतं ते इथे. गावचं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं आणि बँकेचं खातं त्यालाच जोडलेलं. 90 दिवस वापर नसेल आणि बॅलन्स 20 रुपयांपेक्षा कमी असेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, हे ट्रायने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं. म्हणजे तुमच्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक आणि आधारमधून तो काढा, व्हॉट्सअॅप खातं डिलीट करा, मग सिम सोडा.

ठेवायचा असेल तर नेटशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक मागा. ट्रायच्या डिसेंबर 2024 च्या आदेशानंतर ते कंपन्यांना द्यावे लागतात. आणि आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत ते संचार साथी पोर्टलवर तपासा. ही सोय एप्रिल 2021 मध्ये सर्वांत आधी आंध्र-तेलंगणात सुरू झाली होती. एका माणसाच्या नावावर नऊच सिम चालतात. यादीत ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच 'माझा नंबर नाही' म्हणून कळवता येतं.